आक्कांच्या नावाचं पिस्तूल : चोपडा तालुक्यातल्या एका मळ्याचं प्रकरण

चोपडा तालुक्यात, तापीच्या उत्तरेला, सातपुडा समोर दिसतो अशा पट्ट्यात केळीच्या बागेत हे घर आहे. मागच्या दोन खोल्या जुन्या, जाड मातीच्या भिंतींच्या, वर धाबं. पुढच्या दोन नव्या, स्लॅबच्या. आबा साठीकडे झुकलेले. त्यांच्या मंडळींना सगळा शिवार आक्का म्हणतो. शिवाय आबांची म्हातारी आई, सून आणि पहिलीतला नातू. मुलगा सुरतेला कामाला, महिन्यातून एकदा येतो. आबा स्वतःची केळी पिकवतात आणि आसपासच्या शेतकऱ्यांची घेऊन पुढे पाठवतात. कटाई सुरू झाली की मजुरीचे आणि गाडीभाड्याचे पैसे घरात येतात, आणि ते आलेत हे गावात कोणाला सांगावं लागत नाही.

कटाईच्याच दिवसांत एका रात्री तिघेजण तारेचं कुंपण ओलांडून आले आणि मागच्या दाराची कडी उचकटायला लागले. आक्कांनी आतून पहार आडवी लावली, सुनेनं ११२ लाही फोन केला आणि शेजारच्या मळ्यातही. पोलिसांच्या आधी शेजारी बॅटऱ्या घेऊन पोचले, चोर पळाले. गुन्हा दाखल झाला. त्या रात्री आबा बऱ्हाणपूरकडे गेलेल्या गाडीमागे होते.

पुढच्या आठवड्यात ते माझ्याकडे आले. मी वकील, तालुक्याला महसुलाची कामं बघतो, त्यात हत्यार परवान्याचे अर्जही येतात. आबांचं म्हणणं सरळ होतं : "वकीलसाहेब, घरात ठेवायला स्वस्तातलं चांगलं पिस्तूल सांगा. मॅगझिनवालं. लाख-सव्वा लाखाच्या वर जायचं नाही."

नावं मी गाळली आहेत आणि ओळख पटेल असे दोन-तीन तपशील फिरवले आहेत. बाकी घडलं तसं.

वीस हजारांचा पर्याय

आबांच्या खिशात एक पर्याय आधीच होता, आणि तो त्यांनी दुसऱ्या चहानंतर काढला. कोणीतरी "वरून" आणून देणार होता, वीस-पंचवीस हजारांत, काडतुसांसकट. चोपड्याच्या माणसाला "वरून" म्हणजे कुठून हे सांगायची गरज नसते. मध्य प्रदेशच्या सीमेवरच्या उमर्टीचं नाव जळगाव पोलिसांच्या कारवायांच्या बातम्यांत इतक्यांदा आलं आहे की गावठी कट्ट्याच्या गोष्टीत दुसरं गाव सहसा येत नाही.

मी कायद्याआधी लोखंडाबद्दल बोललो, कारण कायद्याला आबा घाबरत नव्हते. कारखान्यातली नळी ठरावीक पोलादाची असते. तिच्यात आट्या पाडलेल्या असतात आणि नेहमीपेक्षा जास्त दाबाची काडतुसं झाडून तिची चाचणी घेतलेली असते. गावठी पिस्तुलाच्या अंगावर "मेड इन यूएसए" कोरलेलं असतं, आत मात्र हाताला लागेल ती सळई नाहीतर पाइप. गोळी सुटताना दाब कुठून फुटेल हे बनवणाऱ्यालाही माहीत नसतं. कधी कधी हत्यार पकडणाऱ्याच्या पंजातच फुटतं.

मग कायदा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २५ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून विनापरवाना अग्निशस्त्र नुसतं बाळगलं तरी किमान दोन वर्षं, जास्तीत जास्त पाच, आणि दंड. आणि समजा त्या हत्यारानं उद्या खरोखर चोर अडवला, तरी पहिला आरोपी घरमालकच होतो. "म्हणजे चोर सुटीन आन मी आत?" आबा म्हणाले. चोर सुटेलच असं नाही, पण तुम्ही नक्की आत, एवढंच मी सांगितलं. तो विषय तिथे संपला.

परवाना कशाचा मिळतो

खान्देशात हा प्रश्न मला हमखास ऐकायला मिळतो : वरणगावला दारूगोळ्याची एवढी मोठी फॅक्टरी, मग आपल्याला हत्यार तिथूनच का मिळत नाही? वरणगावला लष्करासाठी काडतुसं होतात. ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्डाचे १ ऑक्टोबर २०२१ रोजी सात कंपन्यांत तुकडे झाले, तेव्हा वरणगाव दारूगोळ्याच्या कंपनीकडे गेलं आणि हत्यारं कानपूरच्या अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट कंपनीकडे. सामान्य माणसाचा रस्ता बहुधा परवानाधारक विक्रेत्याच्या दुकानातून जातो.

आणि निवडही आपल्याला वाटते तेवढी नसते. इंटरनेटवर बघून येणारा प्रत्येक जण नऊ एमएमचं नाव घेतो. आपल्याकडे ती प्रतिबंधित बोअर आहे, म्हणजे नळीच्या त्या मापाचं हत्यार साध्या नागरिकाला मिळत नाही. परदेशी हत्यारांची खासगी आयात १९८० च्या दशकापासून बंद आहे, त्यामुळे बाजारात फिरणारी जुनी ब्राउनिंग किंवा वॉल्थर पिस्तुलं हौशी लोकांच्या किमतीला जातात. ती परवडणारी नाहीत आणि त्यांचे सुटे भागही मिळत नाहीत. उरतं काय, तर .३२ बोअर. त्यात एकीकडे सरकारी कारखान्याचं "अशनी" पिस्तूल, दुसरीकडे .३२ ची रिव्हॉल्वरं : जुनी साधी, २०१४ चं हलकं "निर्भीक", २०२३ चं "प्रबल". अलीकडे खासगी कारखानेही यात उतरले आहेत. वेब्ली अँड स्कॉटचं रिव्हॉल्वर तर उत्तर प्रदेशात संडीला इथे बनतं.

तिसरा पर्याय बारा बोअरची लांब बंदूक, आणि खरं सांगायचं तर कायद्याचा कल तिच्याकडे आहे. कलम १३(३) वाचलं की दिसतं : संरक्षणासाठी किंवा खेळासाठी वीस इंचांपेक्षा कमी नाही अशा गुळगुळीत नळीची बंदूक मागितली, तर नाकारायचं ठोस कारण नसताना परवाना "द्यावा" अशी भाषा आहे. पिस्तूल-रिव्हॉल्वर मागितलं की अर्जदाराकडे चांगलं कारण आहे असं अधिकाऱ्याचं समाधान व्हावं लागतं. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत पोलीस आयुक्तालय नाही, म्हणून हे समाधान जिल्हाधिकाऱ्यांचं. मळ्यावर राहणाऱ्याला मी पहिल्यांदा बारा बोअरच सुचवतो. बंदूक स्वस्त, तिच्यावर कर कमी, काडतूस सहज मिळतं, आणि दारात नुसती दिसली तरी निम्मं काम होतं.

बंदूक कोणाच्या नावावर

अर्ज भरायला आबा आक्कांना घेऊन आले होते, कारण चोरीच्या रात्रीची हकीकत त्यांच्याच तोंडून घ्यायची होती. मी विचारत गेलो, त्या सांगत गेल्या. मग त्यांनी मलाच विचारलं : "रातले मळामा मी राहस. मंग बंदूक यास्ना नाववर काबर?"

परवाना माणसाला मिळतो, घराला नाही. आबांच्या नावावरचं पिस्तूल आबा बऱ्हाणपूरला असताना आक्कांनी उचललं, तर ते विनापरवाना हत्यार बाळगणं होऊ शकतं. आणि आबांनी ते त्यांच्या हाती सोपवलं असेल, तर कलम २९ प्रमाणे आबाही अडचणीत. परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसऱ्यानं हत्यार नेण्याची सवलत कलम ३ मध्ये आहे, पण ती दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा खुद्द परवानाधारकाच्या वापरासाठी. चोर आल्यावर त्या दुसऱ्यानं वापरण्यासाठी नाही. एरवी हत्यार कुलपात आणि किल्ली आबांच्या करगोट्याला, म्हणजे नेमक्या धोक्याच्या रात्रींना ते असून नसल्यासारखं.

खान्देशात शंभरातले किती परवाने घरच्या कर्त्या पुरुषाच्या नावावर आहेत हे मोजलं नाही, पण माझ्या कपाटातल्या फायली बघितल्या तर बाईचं नाव शोधावं लागतं. आणि यातले बरेच पुरुष केळी, कापूस, गाडी, मंडई यांच्या मागे रात्री बाहेर असतात. आबांना हे पचायला वेळ लागला. त्यांचा मुद्दा कायद्याचा नव्हता, लोक काय म्हणतील हा होता. आक्का म्हणाल्या, त्या रात्री लोक पहार लावायला आले नव्हते.

अर्ज आक्कांच्या नावानं गेला. फॉर्म ए-१, सातबारा, आयकर विवरण, आणि सगळ्यात वजनदार कागद म्हणजे त्या रात्रीच्या गुन्ह्याची प्रत, ज्यात फिर्यादी स्वतः अर्जदार आहे. आबांच्या नावानं अर्ज गेला असता तर घटनेच्या वेळी अर्जदार तिथे नव्हताच, हे पोलिसांच्या अहवालात पहिल्या ओळीत आलं असतं.

हात आणि हत्यार

२०१६ च्या शस्त्र नियमांनी एक चांगली गोष्ट केली. परवान्याच्या अर्जासोबत हत्यार सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, एस-१ नमुन्यातलं. बरेच जण त्याकडे एक कागद म्हणून बघतात. आक्कांची निवड मात्र तिथेच झाली. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका रायफल क्लबवर प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली त्यांनी तिन्ही प्रकार हाताळले.

बारा बोअरची दुनळी त्यांना जमली, खांद्याचा धक्काही त्यांनी सोसला. पण जुन्या घराच्या आतल्या बोळीत ती वळवायची कशी, आणि नातू कडेवर असला तर उचलायची कशी, हे त्यांनीच विचारलं. त्याला उत्तर नव्हतं.

मग रिव्हॉल्वर. बाईमाणसाला रिव्हॉल्वर द्यावं, हे दुकानात, पोलीस ठाण्यात आणि लग्नाच्या मांडवात सारख्याच खात्रीनं सांगितलं जातं. कारणंही बरी आहेत : मुठीत बसवायचं काडतुसांचं मॅगझिन नाही, नळीवरची सरकणारी स्लाइड नाही, काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा ट्रिगर ओढला की पुढचं समोर येतं. पण घोडा न चढवता झाडायचं तर ट्रिगर लांब आणि जड असतो. आक्कांच्या उजव्या तर्जनीला तरुणपणी विळा लागलेला आहे, पेर पुरतं वाकत नाही. ट्रिगर ओढताना दर वेळी नळीचं तोंड खाली जायचं आणि गोळ्या लक्ष्याच्या खालच्या मातीत.

पिस्तुलाचं भय स्लाइडचं असतं. .३२ च्या साध्या ब्लोबॅक पिस्तुलात स्लाइड कुलूपबंद नसते. तिचं वजन आणि स्प्रिंग एवढ्यावरच ती गोळी सुटेपर्यंत धरून राहते, म्हणून काडतूस लहान असूनही स्प्रिंग ताठ असते. वयस्क माणसं इथेच अडतात. प्रशिक्षकानं त्यांना स्लाइड दोन बोटांच्या चिमटीत न धरता वरून अख्ख्या पंजानं धरायला लावली, आणि ती मागे ओढण्यापेक्षा मूठ पुढे ढकलायला सांगितलं. रोज सकाळ-संध्याकाळ म्हशी पिळणारे हात ते. पहिल्याच झटक्यात स्लाइड मागे गेली, आणि आबांना ती दोनदा अडकली हेही इथे नोंदवायला हवं. स्लाइड ओढली की घोडा चढलेलाच असतो, त्यामुळे क्लबवरच्या त्या पिस्तुलाचा ट्रिगर हलका लागला आणि वाकडं पेर पुरलं.

म्हणजे आबांनी पहिल्या दिवशी मागितलेलं मॅगझिनवालं पिस्तूलच ठरलं, फक्त कारण वेगळं आणि हात वेगळा.

.३२ ची ताकद किती, यावर वाद घालणारे भेटतात. पिस्तुलाच्या .३२ गोळीची ऊर्जा साधारण १७० ज्यूल, नऊ एमएमची तिच्या अडीच-तीन पट. कमी आहेच. पण जे मिळत नाही त्याच्याशी तुलना करून उपयोग नाही. दहा बाय दहाच्या खोलीत अंतर हाताभराचं असतं, तिथे नेम चुकवणारी मोठी गोळी काही कामाची नाही. या प्रकरणात आणखी एक मुद्दा होता. नव्या खोल्यांमधली भिंत चार इंची विटांची, आणि तिच्यापलीकडे म्हातारी आणि नातू झोपतात. कमी ताकदीची गोळीही दार, पत्रा, प्लायवूड सहज पार करते. कोणत्या कोपऱ्यातून कोणत्या दिशेला कधीच झाडायचं नाही, हे आम्ही घरात उभं राहून ठरवलं.

एक फसगत सांगून ठेवतो, कारण परवान्यावर दोन्हींसाठी नुसतं ".३२" लिहिलेलं असतं. पिस्तुलाचं काडतूस १७ मिलिमीटर लांबीच्या पितळी नळीचं, रिव्हॉल्वरचं २३ मिलिमीटरचं आणि बुडाला रुंद कडा असलेलं. एक दुसऱ्यात चालत नाही. डबीवर पूर्ण नाव वाचूनच घ्यावं.

सव्वा लाखाचं काय झालं

पिस्तूल-रिव्हॉल्वरवर जीएसटी २८ टक्के होता, सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. हिशेबाला सोपं म्हणून मूळ किंमत ९० हजार धरा. २८ टक्क्यांनी १,१५,२०० होत होते, आता १,२६,००० होतात. आबांची मर्यादा तिथेच ओलांडली जाते, आणि अजून काडतूसही घेतलेलं नाही.

मी त्यांना कागदावर वेगळा हिशेब मांडून दिला. भिंतीत बोल्टनं बसवायची पोलादी पेटी, क्लबची फी, जायचं-यायचं भाडं, सरावाची काडतुसं, परवाना फी. आबा सरावाच्या ओळीवर अडले. एकदा शिकलं की झालं, असं त्यांचं मत. ट्रॅक्टर शिकला की येतो, पिस्तूल विसरतं, एवढंच मी म्हणालो. सेकंडहँड पिस्तूल बघू का, असंही त्यांनी विचारलं. परवानाधारकाकडून रीतसर घेता येतं, आणि पैसे वाचतात. पण जुनं घ्यायचं तर आरमोररनं, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्या जाणकारानं, नळी आतून बघितल्याशिवाय, स्प्रिंग आणि मॅगझिनचे ओठ तपासल्याशिवाय नको. अडकणाऱ्या पिस्तुलांत मॅगझिन वाकलेलं असणं हे फार नेहमीचं कारण आहे. दोन बघितली, दोन्ही सोडली. शेवटी नवंच घेतलं, आणि वाढीव रक्कम आक्कांनी दुधाच्या पैशातून घातली.

पेटी कुठे बसवायची यावरही एक दुपार गेली. जुन्या खोल्यांच्या मातीच्या भिंतीत बोल्ट धरत नाही, पहारीनं पेटी भिंतीसकट निघते. म्हणून ती नव्या खोलीतल्या काँक्रीटच्या कॉलमला, नातवाचा हात पोचणार नाही अशा उंचीवर. किल्ली नको, आकड्यांचं कुलूप, आणि आकडा फक्त आक्कांना. आबांना नाही. कायद्यानं तसंच हवं, आणि आबांनी त्यावर नाक मुरडलं तरी मान्य केलं. पिस्तूल रिकामं, भरलेलं मॅगझिन शेजारी. रिकामं करण्याचा क्रम आक्कांनी पाठ केला आहे : आधी मॅगझिन बाहेर, मगच स्लाइड. उलटं केलं तर स्लाइड मागे येताना एक काडतूस बाहेर फेकते आणि पुढे जाताना मॅगझिनमधलं दुसरं नळीत चढवते. मग मॅगझिन काढलं की हत्यार रिकामं वाटतं आणि ते रिकामं नसतं.

कधी झाडायचं नाही

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घेतला, आणि तो आक्कांपेक्षा आबांसाठी. आबांच्या मनात दाराशी आलेले चोर होतेच, पण त्याहून जास्त ती माणसं होती ज्यांनी मागच्या साली रात्रीतून त्यांच्या बागेतली केळीची झाडं कापून टाकली. रावेर-यावल-चोपड्याकडे हे दुःख कोणाला समजावून सांगावं लागत नाही. वर्षभराची मेहनत आडवी पडलेली बघितलेला माणूस कायद्याचं पुस्तक ऐकत नाही.

तरी ऐकवलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खासगी बचावाची कलमं ३४ ते ४४. मालमत्तेच्या बचावात समोरच्याचा जीव जाण्यापर्यंतचा हक्क कलम ४१ मध्ये मोजक्या प्रसंगांना आहे : जबरी चोरी, सूर्यास्तानंतर ते सूर्योदयापूर्वीची घरफोडी, राहत्या घराला किंवा माल ठेवण्याच्या जागेला आग लावणं, आणि अशी चोरी, नासधूस किंवा गृहअतिक्रमण ज्यात जीव जाण्याची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती आहे. यातही कलम ३७ ची वेसण आहे : बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हक्कच नाही. मोटारीची केबल कापणारा, ठिबकच्या नळ्या नेणारा, केळी कापून पळणारा, या कोणावरही नुसत्या नुकसानीसाठी गोळी झाडता येत नाही. पळणाऱ्याच्या पाठीत तर नाहीच. मागचं दार तोडून आत आलेला, हातात कोयता असलेला माणूस ही वेगळी गोष्ट.

हवेत गोळी झाडून घाबरवू, हेही आबांनी विचारून घेतलं. हवेत गेलेली गोळी कुठेतरी उतरते, आणि इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्या बेपर्वा गोळीबारासाठी शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीत दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. लग्नाच्या वरातीत हौस करणाऱ्यांसाठी ते कलम आलं, पण मळ्यातल्यालाही लागतं.

परवाना आल्यावर

पोलिसांचा अहवाल नियमातल्या मुदतीपेक्षा उशिरा आला, पण अनुकूल आला. तो प्रतिकूल आला असता तर जिल्हाधिकाऱ्यांच्या नकाराविरुद्ध नाशिकला विभागीय आयुक्तांकडे अपील, त्याचीही तयारी मी ठेवली होती. परवाना पाच वर्षांचा मिळाला. २०१९ पर्यंत तो तीन वर्षांचाच असायचा.

आल्या-आल्या निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि हत्यार जमा करण्याची नोटीस आली. सरसकट सगळ्यांना जमा करायला लावू नये, छाननी समितीनं एकेक प्रकरण बघावं अशी पद्धत आहे, आणि सूट मागता येते. आक्का म्हणाल्या, मागू नका. त्यांनी पिस्तूल ठाण्यात दिलं, पावतीवर नंबर स्वतः ताडून घेतला. ते आठवडे घरात नव्यानं लावलेल्या लोखंडी आडण्या होत्या, चारही बाजूंना दिवे होते, दोन कुत्री होती आणि शेजारच्या मळ्यांचा फोनवरचा गट होता. यातल्या कशालाच परवाना लागत नाही, आणि चोर दारापर्यंत पोचण्याआधी कामाला येतं ते हेच. सगळ्याचा खर्च मिळून पिस्तुलाच्या निम्म्याहून कमी आला.

निकालानंतर पिस्तूल परत मिळालं. आता आबांनी स्वतःच्या नावानं बारा बोअरचा वेगळा अर्ज करायचं काढलं आहे. कलम १३(३) त्यांना चांगलंच लक्षात राहिलं. अर्जात कारण काय लिहू, असं मी विचारलं, तर म्हणाले, "लिहा, केळी कापणाऱ्यांसाठी." हे कारण लिहून मी अर्ज देणार नाही, असं त्यांना सांगितलं आहे. दुसरं कारण घेऊन ते अजून आलेले नाहीत.